तेवढा बाण काढा

दोन महिन्यांपूर्वी, एका सोमवारी सकाळी पूजा आटोपली आणि माझी भाची प्रणाली हिला लॅपटॉपपुढे बसवलं. समाजमंडळासाठी वधू-वर नोंदणीची सिस्टीम करत होतो. सेवा म्हणून, फुकट. खोट्या नोंदी भरून ती नीट चालते का, एवढंच तिला बघायचं होतं.

प्रोग्रामच्या आधी मी कागदावर नियमांचं चित्र काढतो. काही नियम साधे... मुलीचं वय अठराच्या खाली नको, वगैरे. काही नियम मात्र बदलाचे असतात. माणूस आज जिथे आहे, तिथून उद्या कुठे जाऊ शकतो?

त्यासाठी चौकटी काढायच्या आणि त्यांच्यामध्ये बाण. अविवाहित ते विवाहित, बाण आहे. विवाहित ते अविवाहित, बाण नाही. जिथे बाण नाही, तो बदल कॉम्प्युटर घेत नाही. कितीही वेळा बटण दाबा.

प्रणालीचा नवरा तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. तेव्हापासून ती आमच्याकडे, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या गावी असते. खोट्या नोंदींचा कंटाळा आला म्हणून तिने स्वतःचं नाव भरलं... 'विधवा'. मग ते बदलून 'विवाहित' केलं. स्क्रीनवर लाल ओळ आली, 'हा बदल करता येणार नाही.'

"मामा, तुमच्या कॉम्प्युटरनं मले नाही म्हटलं," ती हसत म्हणाली. मग एका विधुराची नोंद उघडून तेच केलं. त्याची नोंद मुकाट्याने बदलली. "याले जमते, मले काहून नाही जमत?"

मी चित्र उघडून पाहिलं. विधुरापासून बाण होता. विधवेपासून नव्हता. तसं करायला मला कोणीही सांगितलं नव्हतं... हात आपोआपच थांबला होता. ती लाल ओळही मीच लिहिलेली.

बाण जोडला आणि मंडळाच्या रिसोडच्या बैठकीत चित्र दाखवलं. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "हे काय करून राह्यले सर तुमी? आपल्यात चालते काय हे?"

"मग विधुराचाही खोडतो," मी म्हणालो. मागून एक जण ओरडला, "अरे बाप्पा! मंग आमच्या भाऊचं कसं? त्याचा बायोडाटा छापून तयार हाय!" सगळे हसले. अध्यक्ष नाही हसले. "घरच्या पोरीसाठी नियम बदलून राह्यले, समजते आमाले," म्हणाले.

हो, पोरीसाठीच. तिला पुन्हा संसार करायचाय, हे तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. (हे सगळं तिला विचारूनच लिहितोय.) आणि नियम पोरींसाठी नसतील तर कोणासाठी असतात?

मग निरोप सुरू झाले. तेवढा बाण काढा, सर. बाकी सगळं छान आहे, तेवढा बाण काढा. मी दरवेळी एकच उत्तर द्यायचो... काढलाय की! मराठी भाषेचे आपल्यावर फार उपकार आहेत.

पण हसण्यावारी किती दिवस न्यायचं? मी भांडकुदळ नाही. गावच्या शाळेत, गुरुजींसमोर मान खाली घालून शिकलेला माणूस. देवापुढे बसलो की मन शांत व्हायचं, त्या दिवसांत तेही होईना. रोज हात जोडतो आणि एका पोरीची वाट आपणच अडवून ठेवली होती, हे दाखवायला तिलाच हसावं लागलं... तिचे उपकार फिटायचे नाहीत.

आज सकाळी मंडळाच्या सगळ्या याद्या परत देऊन आलो. त्या त्यांच्या होत्या. नियम माझे होते, ते ठेवून घेतले. दुपारी त्याच नियमांवर नवी नोंदणी सुरू केली, कोणालाही खुली. पहिली नोंद प्रणालीने स्वतः भरली, फोटोही तिनेच निवडला.

मंडळाला विचारलेलं नाही.