हेडक्लार्कांचे 'मे' आणि 'कॅन'

गिरणीच्या कचेरीतले आमचे हेडक्लार्क 'मे' आणि 'कॅन' यांची सरमिसळ कधीच खपवून घेत नसत. मी "कॅन आय गो?" म्हटलं की ते चष्म्यावरून माझ्या पायांकडे बघत. "पाय आहेत की तुम्हाला! 'कॅन' म्हणजे जमतं का. परवानगी हवी तर 'मे' म्हणा." मी मॅट्रिक पास, तरी रोज चुकायचो.

एका दुपारी शेजारीण धापा टाकत कचेरीत आली. "तुमची बायकू अडलीय. सुईण म्हणती, डॉक्टरीणबाईस्नी घेऊन या!"

मी हेडक्लार्कांपुढे जाऊन ओरडलो, "कॅन आय गो?"

त्यांनी चूक काढली नाही. "माझी सायकल घ्या," एवढंच म्हणाले.

सायकल मला येत नाही, हे आठवलं तेव्हा मी तिच्यासकट गटारात होतो. हेडक्लार्कांनी मला उपसून काढलं, धोतर खोचलं आणि मला मागं बसवून थेट दवाखाना गाठला.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारशाला मी हेडक्लार्कांना मुद्दाम विचारलं, "त्या दिवशी निघताना तुम्ही मोठ्या साहेबांना 'मे आय गो' म्हणालात ना?"

"राहूनच गेलं की!" म्हणाले, आणि घाईघाईनं पेढा तोंडात टाकला.