गौतमदादांच्या शब्दावर

गौतमदादा निकाळजे फोन टेबलावर सपाट ठेवून डाव्या हातानं गेम खेळायचे. उजव्या हाताची चार बोटं वाळूजच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेली होती. उरलेला अंगठा फोन सरकू नये म्हणून कडेला टेकवलेला. आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याभोवती जमायचो. डाव गेला की म्हणायचे, "मी नाय हरलो. ह्यानं दोन हात मागितले."

शहरातल्या काही तरुणांनी किल्ला राखायचा एक गेम बनवायला घेतला. आधीच वर्गणी भरून पाठीशी उभं राहणाऱ्यांना त्यांनी वेबसाइटच्या पानावर लेखी कबूल केलं होतं, की पहिल्या दिवसापासून तो एका हातानं खेळता येईल. दादांनी ते वाचलं आणि बजाजनगरात स्वतःसारखे सहा जण गाठले. कुणाची बोटं गेलेली, सुभाषचा तर अख्खा हात. "पोरं आपल्या गावची आहेत, शब्द पाळतील," असं सांगून सहाही जणांना त्यांनी पैसे भरायला लावलं.

तीन वर्षं वाट पाहिली. गेम आला, पण ती सोय नव्हती. पानावरची ती ओळही गायब. दादांनी मात्र ते पान सुरुवातीलाच छापून ठेवलं होतं.

गेम बनवणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमाला मी त्यांना स्कूटरवर नेलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली तसे ते कागद घेऊन उठले.

"हे तुमीच लिहिलं व्हतं. काढलं कामून?"

मंचावरचा मुख्य मुलगा म्हणाला, "ती सोय वापरणारे फार थोडे आहेत, काका."

दादा खाली बसेनात. कुणीतरी माइक काढून घेतला, तरी ते उभेच.

कार्यक्रम संपल्यावर तो मुलगा जवळ आला. हळूच म्हणाला, "तुमच्यापुरती वेगळी आवृत्ती करून देतो. फक्त बाहेर काही लिहू नका."

दादांनी कागदाकडे पाहिलं. हो म्हणा, असं मला फार वाटत होतं. ही तीन वर्षं मी जवळून पाहिली होती.

"आमी सात जण आहोत," ते म्हणाले.

"सगळ्यांना नाही जमणार."

"मंग राहू द्या."

परतताना वाळूज रस्त्यावर त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. खाली उतरले. मग म्हणाले, "देशमाने, मी व्हय म्हणणार व्हतो. लई जवळ आलतो."

पुढच्या रविवारी दादा सहाही जणांच्या घरी गेले. मी सोबत होतो. प्रत्येक दारात तेच बोलले, "माझं चुकलं. मी तुमाला भरीस घातलं." दोघं हसले, एकानं नीट बोलूही दिलं नाही. शेवटी सुभाषचं घर. त्याच्या आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "शब्द मोडला त्या पोरांनी. तू का माफी मागतो रे?"

दादांनी पाण्याचा पेला तसाच हातात धरला.

"मावशी, त्या पोरांना सुभाषनं कधी बघितलंय?" ते म्हणाले. "त्यानं माझ्या तोंडाकडं बघून पैसे भरले."