सरळ केलेली पिन

माझ्या होडीची डोलकाठी केसांच्या पिनेएवढ्या तारेच्या भरवशावर उभी असते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. विश्वासच बसेना. डोलकाठीला तीन बाजूंनी तीन तारा ताणलेल्या. प्रत्येक तार वर आणि खाली एकेका जाड पिनेत अडकवलेली. ती निसटू नये म्हणून तिच्या भोकात एक बारीक, दुहेरी तारेची स्प्लिट पिन घालून टोकं फाकवायची. संपलं! म्हणजे वारा, शीड आणि मी, सगळी मदार त्या फाकवलेल्या टोकांवर. कुणाच्या डोक्यातून आलं असेल हे?

मला प्रश्न विचारायची खोड आहेच. त्यापायी लहानपणी एकदा वडिलांची, आप्पांची, थप्पडही खाल्ली. चाळीत शेजारच्या खोलीत एक काका राहायचे, आप्पांच्याच मिलमधले. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं साच्यात, म्हणजे मागात, गेली होती. दर रविवारी ते आमच्याकडे जेवायचे आणि आप्पा त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायचे. स्वतःचं ताटसुद्धा न उचलणारा माणूस! पण मी काकांच्या घरी डोकावले होते. तिथे ते उरलेल्या तीन बोटांनी बांगडा असा साफ करायचे की मांजराने बघत राहावं. म्हणून आप्पांना विचारलं, "काकांना घरी जमतं, मग आपल्याकडे तुम्ही का काढता?" उत्तर गालावर आलं. मार का पडला, तेही कधी कळलं नाही.

आता चाळ जाऊन करी रोडला टॉवर उभा राहिलाय, काका कधीच गेले, आणि आप्पा ब्याऐंशीचे आहेत. साचेखात्यातला फिटर. मी आणि ऑफिसातल्या मैत्रिणीने मिळून ही जुनी होडी घेतली, ती मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर ठेवली, तेव्हापासून त्यांच्या मनात एकच, एकदा तिच्यात बसायचं. पंधराव्या वर्षी गाव सोडल्यापासून ते शिडाच्या होडीत बसले नव्हते. "औंदा गुडघो ऐकता. फुडल्या वर्षी ऐकतलो की नाय, कोणास ठाऊक," म्हणाले. अट एकच: तारांच्या पिना सगळ्या नव्या हव्यात, आणि ते स्वतः हात लावून बघणार.

शनिवारी दुपारी मी डोलकाठी दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि कामाला लागले. सहा नव्या पिना आणल्या होत्या. पाच बसवल्या, सहावी हातातून सुटली आणि दगडांच्या फटीत गेली ती गेलीच. आता एका पिनेसाठी परत लोहार चाळीच्या बाजारापर्यंत कोण जाणार? आमच्या घरात वाकडा खिळा कधी फेकलेला मी पाहिला नाही. रविवारी सकाळी आप्पा पाट्याच्या पाठीवर खिळे ठोकून सरळ करायचे आणि डब्यात टाकायचे. मीही जुनी स्प्लिट पिन दगडावर ठेवून ठोकली, भोकात घातली, टोकं फाकवली, वरून टेप गुंडाळला. घरी जाऊन सांगितलं, "सगळ्या नव्या."

रविवारी आप्पा उपड्या क्रेटवर बसले आणि पहिल्यांदा टेपच काढायला लागले.

"अहो, किती छान गुंडाळलाय!"

"म्हणूनच काढतंय."

एकेका पिनेवरून ते अंगठ्याचं नख फिरवत होते. पाचव्या पिनेवर नख थांबलं. "ह्या काय?"

"तुम्हीच ना शिकवलंत खिळे सरळ करायला!" मीही चढ्या आवाजात म्हटलं. खोटं पकडलं गेलं की माझा आवाज चढतो.

"खिळो सरळ करतत गो! पिन नाय!" त्यांनी पिन उपसून काढली, टोक दोनदा मागेपुढे वाकवलं. तिसऱ्यांदा ते त्यांच्या हातातच राहिलं. याच तारेखाली मी आप्पांना बसवणार होते.

मला वाटलं, आता शिव्या. पण ते त्या तुकड्याकडे बघत राहिले.

"मीपण एकदा सरळ केली होती," म्हणाले. "जॉबर, आमचा मुकादम, घाई करत होता. नवी आणायला स्टोअरला जावं लागलं असतं. दुसऱ्या पाळीत मोडली. दांडा सुटला. साचा त्याचा होता."

कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती. "मिलमध्ये सांगितलं नाहीत?"

"नाही."

"काकांना?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मोडका तुकडा रुमालात बांधून खिशात ठेवला. दुकानं बंद, त्यामुळे त्या रविवारी होडी पाण्यात गेली नाही. घरी येईपर्यंत मला त्यांचा राग आला होता, आणि रडूही.

पुढच्या रविवारी नवी पिन आप्पांनीच बसवली. दहा मिनिटं लागली, पण मी मदत केली नाही. टोकं फाकवून झाल्यावर मला म्हणाले, "आता तू बघ." मी सहाही पिनांवरून नख फिरवलं, मगच टेप गुंडाळला. डोलकाठी उभी केली, त्यांना धरून आत बसवलं.

वारा बेताचा होता. शीड भरलं तशी बाजूची तार ताणली गेली. आप्पांनी तिच्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. समुद्राकडे बघतच नव्हते. किनारा मागे पडल्यावर म्हणाले, "त्याका ठाऊक असात काय गो?"

मी सुकाणू धरून होते. चाळीस वर्षांपूर्वीची ती थप्पड आठवली.

"आप्पा, काका घरी स्वतः काटे काढायचे. आपल्याकडे तुम्हाला काढू द्यायचे."

आप्पांनी तारेवरचा हात काढला आणि डोळ्यांवर धरला.