कमलचे कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवापुढेही नाही. आता दमले. झाकून ठेवायलाही अंगात जोर लागतो, बाई.

कमल माझी धाकटी जाऊ. आम्ही शिरड शहापूरला, दीर ट्रकवर. महिनोन्महिने बाहेर. नव्वदच्या दशकाची अखेर होती. महिना-दीड महिन्यात कमलचे दोन्ही कान गेले. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, शरीरच आपल्या कानांवर उलटलंय. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. तिला ऐकू येईना, म्हणून डॉक्टरांचं ऐकायला मी.

आणि मी कोण? आमच्या गल्लीची भवानी! जीभ अशी, की विळीनं लाजावं. कमल बहिरी झाली अन् मला खेळणंच मिळालं. गोड हसून चहा पुढे करायची अन् म्हणायची, "घे गं, बहिरे म्हशी." शेजारच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. कमलही हसायची — आम्ही हसतो म्हणून.

गोळ्यांनी तिचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. त्यावरही मी बोललेच. पण कान — कान उघडायला लागले. एका सकाळी मी चहा दिला, तेच बोलले. तिनं घोट घेतला अन् हळूच म्हणाली, "म्हशीला साखर कमी पडली, अक्का."

बस, एवढंच. भांडली असती तर मी जिंकले असते हो! पण आता ही रोज ऐकणार? किती दिवसांपासून ऐकत होती? विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, गुण येतोय. गोळ्या एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवू. सोबत आठवड्याला एक दुसरी गोळी, रक्त तपासत राहू. ऐकू कमी आलं की लगेच या. डॉक्टर मान खाली घालून बोलणारे, बाहेर गलका — कमलला काही उमगलं नाही.

स्टँडवर तिनं विचारलं, "काय म्हनले, अक्का?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "बंद करा म्हनले. आलं तेवढं आलं. जास्त खाल्ल्या तर किडनी जाईल."

किडनी माझ्या पदरची. काहून जोडली? खोटं पक्कं बसावं म्हणून.

तिनं गोळ्या सोडल्या. ओकाऱ्या, चक्कर — अन् कान पुन्हा गेले. 'लगेच या' मला लख्ख आठवत होतं. मी गप्प बसले.

दिवाळीला दीर आले, त्यांनीच आम्हाला पुन्हा नांदेडला धाडलं. आता गोळ्या लागू पडेनात. कानाला यंत्र लावलं तर नुसता गोंगाट, शब्द न्हाई. डॉक्टर चिडले, "मधेच बंद कुणी केल्या?"

"तिनंच, साहेब. तोंड सुजतंय म्हणून."

कमल माझ्या ओठांकडे बघत होती. "काय इचारून राहिले, अक्का?"

मी हातानं घास दाखवला — जेवण जातं का, विचारतात.

"जातं म्हना," ती म्हणाली अन् डॉक्टरांकडे बघून हसली.

आपले कान त्या डॉक्टरनं घालवले, असं कमलला आजही वाटतं. ती त्याला शिव्या घालते. मीही तिच्या जोडीनं घालते.