रुवैदासाठी आलेली माणसं

अम्मानमधल्या त्या तीन इमारतींवर पाटी होती ‘नायेफ आणि मुलगा’ अशी. पण मुलगा लैथ नोकरीसाठी दोहाला, आणि हाजी नायेफ घरी लोडाला टेकून. इमारती सांभाळायची ती मुलगी, रुवैदा. तिचं नाव पाटीवर नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

चाळिशी गाठलेली ही बाई पाण्याच्या दिवशी उजाडताच गच्चीवर हजर. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक बिऱ्हाडाची टाकी वेगळी. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने गुपचूप जादा पंप लावला की ही वरूनच ओरडायची, “उम्म सुहैल, एवढी अंघोळ कुणाला घालताय? उंटाला?” भांडायची, हसवायची आणि सगळ्यांच्या टाक्या भरेपर्यंत खाली उतरायची नाही. लिफ्ट अडकली की रुवैदा. नवरा-बायकोचं वाजलं तरी रुवैदाच.

मग लैथ नोकरी सोडून परत आला आणि हाजींनी जाहीर करून टाकलं, येत्या महिन्यापासून सगळा कारभार लैथ बघेल.

“आणि मी, बाबा?”

“तू आता आराम कर. बाईमाणसाला गच्च्या चढणं शोभतं का?”

मग इतकी वर्षं कसं शोभलं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने गिळलं. भांडी घासताना मात्र रडली, आणि रडू आलं याचाच तिला जास्त राग आला. दुसरं काही काम तिला येत नव्हतं, आणि हवंही नव्हतं.

त्याच आठवड्यात निरोप आला की काही मंडळी जाहा घेऊन येताहेत. जाहा म्हणजे मानाची, वडीलधारी माणसं पुढे घालून केलेलं मागणं. घरात बिनलग्नाची मुलगी असली की जाहा कशाला येते, हे काय सांगायला हवं? हाजी एकदम तरुण झाले. ठेवणीतला झगा काढला, लैथला मिठाईच्या दुकानात कुनाफा आणायला पिटाळलं.

“देवाने ऐकलं बघ,” ते रुवैदाला म्हणाले.

“या वयात मला कोण बघायला येतंय, बाबा?”

“गप. कॉफीत वेलची जरा जास्त घाल.”

मंडळी आली. पुढे पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू, निवृत्त शिक्षक मिकदाद मास्तर. लैथने कॉफी दिली आणि सगळ्यांनी कप न पिताच खाली ठेवले. रीतच ती. मागणं मान्य झाल्याशिवाय जाहाचा माणूस कॉफीला ओठ लावत नाही. यजमानाने आधी ऐकून घ्यायचं असतं, पण हाजींना दम कुठला?

“मास्तर, जे मागायला आलात ते दिलं. प्या कॉफी.”

पडद्याआड रुवैदाने कपाळावर हात मारला. मास्तर विधुर होते, सत्तरीचे होते. या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय?

मास्तर निवांत घोट घेऊन म्हणाले, “अल्लाह तुमचं भलं करो, हाजी. रुवैदाला आमच्याकडेच राहू द्या.”

“तुमच्याकडे म्हणजे?”

“इमारतींच्या कारभारात. आम्ही सगळे भाडेकरू तेवढंच मागायला आलोय. लैथ गुणी मुलगा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आमचं घर ती चालवते.”

हाजी लालबुंद झाले. “मला वाटलं, तुम्ही तिला न्यायला आलात.”

“न्यायला कशाला? ठेवून घ्यायला आलोय.”

लैथला हसू आवरेना. “शब्द दिलात, बाबा. आणि खरं सांगू, त्या उम्म सुहैलशी भांडायची माझ्यात ताकद नाही.”

हाजींनी समोरच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. आपल्या मुलीसाठी इतकी माणसं चांगले कपडे घालून येऊन बसतील, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“रुवैदा, बाहेर ये,” त्यांनी हाक मारली.

पुरुषांच्या बैठकीत ती आजवर बसली नव्हती. ओले हात पुसत दारातच उभी राहिली. हाजींनी लोड सरकवून आपल्या शेजारी जागा केली.

“लैथ, कॉफी ओत,” ते म्हणाले. “आधी तुझ्या बहिणीला.”