दोन भागांच्या मधल्या चांदण्या

मायला सुरतला न्यायची तारीख ठरली होती. हृदयाची झडप बदलायची होती, आणि आणखी लांबवलंत तर मग आमच्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. पण माय हटून बसली. तिच्या आठवणी मी वर्षभर लिहून घेत होते, ते तिला ठाऊक. म्हणाली, "मन्हं पुस्तक पह्यले दखाड, मंग जासू." घ्या! ही अडवणूक नाही तर काय?

मग लोणखेड्याहून कॉलेज करून आले की मी कॉम्प्युटरपुढे. लिहायचं सॉफ्टवेअर सगळे सुटे भाग जोडून एकसलग पुस्तक करून देतं, त्याला कंपाइल म्हणतात. दोन भागांच्या मधे ते आपणहून तीन चांदण्या टाकतं. मला त्या छानच दिसल्या. शहाद्याच्या स्टँडजवळ प्रिंट काढली आणि मायच्या हातात दिली.

तिने एक ओळही वाचली नाही. बोट थेट चांदण्यांवर. "हाई काय शे? तीन-तीन काबर मांडात?"

"अगं खूण आहे ती. एक गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली."

"तीन मरेल मानूसले वाढतस," ती म्हणाली आणि कागद बाजेवर ठेवून दिले.

आमच्याकडे जेवणाऱ्याच्या ताटात तीन भाकरी वाढत नाहीत, ते मेलेल्याचं पान. तिसरी लागलीच, तर तिचा तुकडा मोडून वाढायचा. मला असा राग आला! कॉम्प्युटरला काय कळतंय भाकरीतलं? पण तिला सुरतला न्यायचं होतं.

सेटिंग उघडलं. चिन्हाच्या चौकटीत दोन चांदण्या टाकल्या आणि पुढे एक बारका ठिपका. मोडलेला तुकडा. पडद्यावर दाखवलं तर माय पोट धरून हसली. "आते जमनं," म्हणाली. मी लगेच तिची पिशवी भरायला घेतली.

निघायच्या आदल्या दुपारी नवी प्रिंट आणली. ओट्यावर पाय सोडून ती वाचत बसली. मधेच हसायची, मधेच पदर डोळ्यांना. मी आत मेथी निवडत होते आणि मला फार बरं वाटत होतं. मग तिचा आवाजच बंद झाला. बाहेर आले तर शेवटचं पान तिच्या मांडीवर.

पानावर तीन चांदण्या. अख्ख्या. खाली कोरा कागद.

तो भाग मीच करून ठेवला होता. त्याचं नाव 'नंतर'. आत एक अक्षर नाही. लिहायची हिंमत नव्हती, पण एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तशी जागा धरली होती. सॉफ्टवेअरमध्ये त्याला प्रकार वेगळा दिलेला, आणि दर प्रकाराचं चिन्ह वेगळं बदलावं लागतं, म्हणून त्याच्या आधीचं चिन्ह बदललंच नव्हतं. भाग रिकामा आहे की भरलेला, याच्याशी सॉफ्टवेअरला काय देणंघेणं? ते चिन्ह टाकून मोकळं झालं.

"हाई कोनं ताट शे?" मायने विचारलं.

"चुकून राहिलं गं. आत्ता काढते."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि कळलंय हे मला दिसत होतं. संध्याकाळीच मी तो भाग पुसून टाकला, पुन्हा कंपाइल केलं, पुन्हा प्रिंट आणली. तिने हातही लावला नाही.

सकाळी गाडी दारात आली. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. मी म्हटलं, "माय, ऊठ ना गं, उशीर होतोय." तिने मला बसायची खूण केली आणि ताट पुढे सरकवलं. माझ्या ताटात दोन भाकरी आणि एक मोडका तुकडा.

मग स्वतःचं ताट घेतलं. एक भाकरी ठेवली. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली, अख्खी.

"गाडीले जाऊ दे," ती म्हणाली आणि जेवायला लागली.