पाचवा ठोका

गिटारवाला पुढे सरकला की माझा हा मित्र खिशातून कापूस काढायचा. त्याचे दोन बोळे करायचा, सगळ्यांना दिसेल अशा बेतानं एकेक कानात घालायचा आणि हाताची घडी घालून गिटारवाल्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. टेबल ठरलेलं, अगदी स्टेजच्या पुढ्यातलं. गिटार थांबली की बोळे पुन्हा खिशात जायचे. गाणाऱ्या मुलीसाठी मात्र तो मनापासून टाळ्या वाजवायचा.

"बदली आहे तो," मला म्हणायचा. "ओरिजिनल इथं बसून चहा खातोय."

चहा खातो, सिगारेट खातो, पाणीसुद्धा खातो. घर मराठी, पण जन्म कलकत्त्याचा, वडील बजबजच्या तेलाच्या डेपोत नोकरीला. बंगालीत सगळंच खातात, म्हणून याच्या मराठीतही कुणी काही पीत नसे. आमच्या बँकेत त्याचं टेबल माझ्या शेजारी होतं. मी साताऱ्याहून बदलीवर आलेला. त्यामुळे त्याचा तो शब्द मलाही जरा टोचायचा, आणि एकदा मी तसं बोलून दाखवलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला की माझ्या खुर्चीतल्या आधीच्या माणसाला कुणी हाकललं नव्हतं.

याला हाकललं होतं. पार्क स्ट्रीटवरच्या एका रेस्टॉरंटात दर रविवारी सकाळी रॉक बँड वाजायचा. कॉलेजची मुलंमुली दाटीवाटीनं बसायची, एका पॅटिसवर दोन तास काढायची. तो बँड यानं आणि त्याच्या शाळासोबत्यानं उभा केलेला. सोबती अँग्लो-इंडियन, ड्रम वाजवायचा. मग याला कावीळ झाली. हा बजबजला उसाचा रस पीत पडून राहिला आणि बँडनं तात्पुरता म्हणून बेहाला भागातला एक तरुण घेतला. बरा होऊन हा गिटार घेऊन हजर झाला, तर मॅनेजरनं सांगितलं की लोकांना आता नव्याची सवय झाली आहे. यानं ड्रमरकडे पाहिलं. ड्रमर मान खाली घालून झांजा पुसत होता.

आता तुम्ही विचाराल, तो बेहालावाला खरंच वाईट वाजवायचा का? मुळीच नाही. बोटं याच्यापेक्षा चपळ होती त्याची. पण मी दोघांनाही ऐकलं आहे. बेहालावाल्याचं ऐकून वाहवा म्हणावंसं वाटे; याचं ऐकताना वाहवा म्हणायचं सुचतच नसे. आता हा फरक मॅनेजरला कसा समजावून सांगायचा?

डूख धरणारी माणसं मला आवडतात. झालं गेलं विसरून जा म्हणणाऱ्यांचं सहसा काही गेलेलं नसतं. हा काहीही विसरला नाही. दर रविवारी बजबजहून लोकल पकडून तो यायचा, कापूस घेऊन.

बँडचं स्वतःचं म्हणावं असं एक गाणं होतं, यानंच रचलेलं. मधेच गाणारी थांबायची, ड्रमचे चार ठोके पडायचे, आणि चौथ्याच्या पाठोपाठ याची गिटार अंगावर यायची. हा गेल्यापासून ते गाणं बंद पडलं होतं. कॉलेजची मुलं मात्र ते मागून मागून भंडावून सोडत. शेवटी बेहालावाला संदेश मिठाईचा डबा घेऊन थेट बजबजला याच्या घरी गेला, पायाला हात लावला आणि म्हणाला, "दादा, ते गाणं शिकवा."

आणि यानं शिकवलं! मला ऐकून धक्काच बसला. याच्या आईनं तर पाहुण्याला पोहे केले, बिचारा किती गुणी आहे म्हणून दोनदा वाढले. दुपारभर व्हरांड्यात शिकवणी चालली होती म्हणे.

पुढच्या रविवारी याच्या खिशात कापूस नव्हता. नवा शर्ट घातला होता. गाणं सुरू झालं तसा तो माझ्या कानाशी लागला.

"त्याला पाच ठोके सांगितलेत," तो म्हणाला. "पाचवा पडल्यावर ये म्हटलं. पाचवा पडणारच नाही. आता बघ."

तालीम झालेली नव्हती. ड्रमरला गाणं पाठ होतं, आणि तालमीचा त्याला पहिल्यापासून कंटाळा. हे सगळं यानं हिशेबात धरलं होतं. गाणारी थांबली. चार ठोके पडले. बेहालावाला गिटारवर बोटं ठेवून उभा. सगळा हॉल गप्प झाला. यानं माझं मनगट आवळलं, आणि खरं सांगतो, मलाही उकळ्या फुटत होत्या.

ड्रमरनं मान वर केली नाही. त्यानं एक ठोका जास्त दिला, जणू गाण्यात तो पहिल्यापासून होता. त्यावर गिटार आली. मुलं बाकांवर उभी राहून ओरडायला लागली.

याचा हात माझ्या मनगटावरून गळून पडला.

"मला कावीळ झाली तेव्हा हा माझ्यासाठी थांबला नाही," मग म्हणाला. "याच्यासाठी थांबला."

त्या दिवसापासून त्याचा राग बेहालावाल्यावरून उठला आणि ड्रमरवर जाऊन बसला. शाळासोबत्यावरचा राग फार वाईट असतो. ऑफिसात बेरीज करतानासुद्धा तो दातओठ खायचा. तिकडे ते गाणं दर रविवारी वाजायला लागलं, पाच ठोक्यांचंच. नव्या मुलांना ते तसंच असतं असं वाटायचं.

मग बेहालावाल्याचे वडील वारले. मॅनेजरनं एका रविवारपुरतं याला बोलावलं. मला वाटलं हा फोन आपटेल. पण हा गेला. जुनं मखमली जाकीट घालून गेला, आणि पहिली दोन गाणी अशी वाजवली की माझा चहा कपातच गार झाला. मग ते गाणं आलं. चार ठोके पडले आणि याची गिटार सुटली. त्याच क्षणी ड्रमरचा हात पाचव्या ठोक्याला खाली आला. दोन्ही एकमेकांवर आदळली.

यानं गाणं थांबवलं. ड्रमरला खूण केली, पुन्हा. पुन्हा चार, आणि पुन्हा तो पाचवा. तिसऱ्यांदाही तेच. सवय की हट्ट, मला आजही सांगता येणार नाही. हा मात्र एका ठोक्याचीही माघार घ्यायला तयार नव्हता. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "आज कुणीतरी बदली आलाय वाटतं. गाणं येत नाही त्याला."

तिचा आवाज मोठा होता. यानं ते ऐकलं. गिटारची वायर उपसली, जाकीट काढून खुर्चीवर टाकलं आणि माझ्याकडे न बघता दारातून निघून गेला. महिन्याभरात त्यानं आसनसोलची शाखा मागून घेतली. निरोप समारंभालाही आला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

मग एका रविवारी मी एकटाच गेलो. त्याच्या टेबलाशी बसलो, चहा मागवला. बेहालावाला परत आला होता. ते गाणं लागलं. गाणारी थांबली, ठोके पडायला लागले. चौथा पडला आणि जिथं माझ्या मित्राची गिटार यायची, नेमक्या त्या जागी मी हातातला चमचा सगळा जोर लावून बशीवर आपटला. बशीचे दोन तुकडे झाले. ड्रमरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते टेबल कुणाचं, हे त्याला ठाऊक होतं. त्याचा हात वरच राहिला. पाचवा ठोका पडलाच नाही, आणि बेहालावाला तारांवर बोटं ठेवून त्याची वाट बघत उभा राहिला.